कललेला तीन

जुन्या नाण्यांच्या त्या दुकानात तिला सगळे भिंगबाई म्हणत. भिंग लावून लावून उजव्या डोळ्याभोवती तिच्या एक गोल वळ कायमचा उमटला होता, आणि मालक नव्या गिऱ्हाइकाला थट्टेनं सांगायचा, "बाईंचा हा डोळा पगारावर आहे, दुसरा आपला हौसेनं येतो." दुकान एका अरुंद रस्त्यावर, घड्याळजी आणि चष्मेवाला यांच्या मधोमध. पुढे काचेची कपाटं, मागे एक खोली, आणि त्या खोलीत उत्तरेच्या खिडकीखाली तिचं टेबल. सत्तावीस वर्षं ती तिथे बसत होती.

नाणी पारखणं म्हणजे खरं-खोटं ओळखणं, असं लोकांना वाटतं. ते काय, कोणीही शिकतं. तिचं काम त्याच्या पुढचं होतं. एकाच वर्षाची, एकाच धातूची दोन नाणी समोर ठेवायची, अगदी जुळ्या भावांसारखी, आणि त्यातला थोरला कोण नि धाकटा कोण ते सांगायचं. पूर्वी नाण्याचा साचा तयार झाला की त्यावर वर्षाचे शेवटचे आकडे कारागीर हातानं ठोकत. एकेका आकड्याचा पोलादी ठसा, आणि त्यावर हातोडी. हात माणसाचा, त्यामुळे आकडा कधी कलायचा, कधी खोल जायचा, कधी शेजाऱ्याला खेटून बसायचा. पुढे यंत्रं आली आणि ही गंमत संपली. शौकीन लोकांचा जीव मात्र तिथेच अडकून राहिला.

तेहतीस सालच्या चांदीच्या नाण्याचे दोन प्रकार होते, 'ताठ तीन' आणि 'कललेला तीन'. ताठ प्रकारात दोन्ही तीन पहाऱ्यावरच्या शिपायांसारखे उभे. कललेल्यात दोन्ही तीन एकाच अंगाला जरासे झुकलेले, जणू दुसरा पहिल्याच्या कानात काही सांगतोय. आणि दोन्हींच्या खालच्या टोकाला टाचणीच्या अग्राएवढी खाच, कारण मूळ ठशाचाच तिथे टवका उडालेला होता. ताठ तीन पेटीभर मिळत. कललेला शंभरात एखादा. शौकीन लोकांच्या यादीत त्याच्यापुढे एक ओळ छापलेली असे : मार्चनंतर ठसा बदलला.

का बदलला, ते यादीत नव्हतं. ते भिंगबाईला माहीत होतं. कललेला तीन ठोकणारा माणूस मार्चमध्ये गेला, म्हणून. तो माणूस तिचा बाप होता.

बाबांच्या डाव्या हाताचा अंगठा लहानपणी दारात चेंगरलेला. ठसा धरताना तो पुरता वळत नसे, म्हणून आकडा तिरपा बसे. मुकादम ओरडायचा. बाबा म्हणायचे, "साहेब, सरळ उभं राहून आकड्यालाही कंटाळा येतो हो." ठसे त्यांनी स्वतः घासून तयार केलेले, एका चामडी पाकिटात घालून ते रोज घरी आणत आणि रोज परत नेत. संध्याकाळी जेवणाआधी शिशाच्या पट्टीवर ठोकून त्यांनी लेकीला आकडे शिकवले. बाकीची मुलं पाटीवर शिकली, ही शिशावर शिकली. प्रत्येक आकड्याला दोन हलके टोले आणि एक जोराचा. टक्, टक्, ठक्. शेजारीण म्हणायची, "तुमच्याकडे मूल शिकतंय की घोड्याला नाल ठोकताय?"

एका मंगळवारी सकाळी बाबा डबा घेऊन कामावर निघाले ते टाकसाळीत पोचलेच नाहीत. अकराव्या दिवशी नदीच्या खालच्या अंगाला, बंधाऱ्याच्या जाळीत, एक प्रेत अडकलेलं सापडलं. चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला. पोलिसांनी आईला नेलं. आईनं अंगावरचा शर्ट पाहिला आणि मान हलवली. गावाबाहेरच्या दफनभूमीत एक जागा मिळाली, तिच्यावर बाबांच्या नावाचा दगड बसला. घरी येऊन आईनं नऊ वर्षांच्या लेकीला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "बाबा गेले."

"कुठे?" लेकीनं विचारलं.

"गेले म्हणजे गेले," आई म्हणाली.

त्यानंतर मायलेकी दोघीच. बाबांच्या माघारी मिळणाऱ्या निवृत्तिवेतनावर आणि आईच्या विणकामावर घर चाललं. लेकीचं लग्न दोनदा जमत आलं आणि दोनदा फिसकटलं. मग तिनंच तो विषय मिटवला. नाण्यांच्या दुकानात लागली तेव्हा मालकानं पहिल्याच आठवड्यात तेहतीसची शंभर नाणी तिच्यापुढे ओतली आणि म्हणाला, "यात एक वेगळं आहे, सापडतंय का बघा." तिनं भिंगसुद्धा उचललं नाही. बोटानं एक नाणं बाजूला सरकवलं. मालक तोंडात बोट घालून बघत राहिला. त्या दिवसापासून तिची खुर्ची पक्की झाली. बापाच्या जाण्यामुळे दुर्मीळ झालेली वस्तू ओळखून ती पोट भरत होती. पण हा विचार तिनं फार काळ कधी मनात राहू दिला नाही.

ती बावन्न वर्षांची झाली त्या वर्षी एक बाई वडिलांचा संग्रह विकायला घेऊन आली. त्यात चांगली नाणी थोडीच होती. तळाशी मात्र पाच-सहा कापडी पिशव्या, सगळ्या दुसऱ्या टाकसाळीच्या नाण्यांच्या. ती टाकसाळ रेल्वेनं दोन दिवसांच्या अंतरावर, आणि तिच्या नाण्यांवर वर्षाखाली एक ठिपका असे. ठिपकेवाली नाणी उदंड. त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे.

"बघण्यासारखं काही नाही त्यात," मालक म्हणाला. "पण आलीत तर एक नजर टाका. तुमची नजर म्हणजे चाळणी."

तिनं पहिली पिशवी सोडली, मूठभर नाणी टेबलावर पसरली आणि एक उचलून भिंगाखाली धरलं. साल पस्तीस.

तीन कललेला होता.

तिनं भिंग पुसलं. पुन्हा पाहिलं. खालच्या टोकाला टाचणीच्या अग्राएवढी खाच.

शेजारी घड्याळजीच्या दुकानात कोणीतरी काहीतरी ठोकत होतं. तिला आपल्या मानेवर कोणाचा तरी श्वास लागल्यासारखं वाटलं. मागे वळली तर भिंत होती, आणि भिंतीवर दुकानाची जुनी दिनदर्शिका. सकाळचे अकरा वाजले होते, खिडकीतून लख्ख उजेड येत होता.

पहिली गोष्ट तिनं स्वतःला समजावली ती अशी : ठसा म्हणजे वस्तू. माणूस मेला तरी वस्तू फिरते. नदीकाठी पाकीट कोणाला तरी सापडलं असेल, त्यानं ते विकलं असेल, फिरत फिरत ते त्या टाकसाळीत पोचलं असेल. खाच ठशाची, माणसाची नव्हे. ठीक.

पण कल? कल ठशात नसतो. कल अंगठ्यात असतो.

संध्याकाळी घरी गेल्यावर तिनं कपाटाच्या तळातून बाबांनी आकडे ठोकलेली ती शिशाची पट्टी काढली. दुसऱ्या दिवशी दुकानात नेली आणि नाण्याशेजारी ठेवून पाहिली. कल सारखा. उजवी बाजू डावीपेक्षा खोल, कारण शेवटचा जोराचा टोला नेहमी उजवीकडून यायचा. हे असं दुसऱ्या कोणाला जमवायचं असतं, तर त्याला बाबांचा अंगठा उसना घ्यावा लागला असता.

सत्तावीस वर्षांत तिनं मालकापासून काही लपवलं नव्हतं. या वेळी लपवलं. "वेळ लागेल," एवढंच म्हणाली, आणि पुढचे नऊ दिवस सगळ्या पिशव्या चाळून काढल्या. चौतीस सालाची नाणी वेगळी, पस्तीसची वेगळी, छत्तीस, सदतीस, अडतीस. प्रत्येक वर्षात तो तीन तिला भेटत राहिला. छत्तीसमध्ये जरा जास्त कललेला. सदतीसमध्ये उथळ, जणू हात दमलाय. मग एकोणचाळीस. त्या ढिगाऱ्यात खाच होती, पण तीन ताठ उभा होता. ठसा तोच, हात दुसरा.

म्हणजे नदीतून बाहेर काढून पुरलेला माणूस पुढे पाच वर्षं नाण्यांवर आकडे ठोकत होता.

त्या दिवसांत तिचं लक्ष कशात लागेना. रस्त्यात कोणी म्हातारा डावा हात खिशात घालून चालला असेल तर ती त्याच्या मागे दोन चौक जायची. बाबा असते तर आता ऐंशीच्या घरातले असते, हा हिशेब डोक्यात असूनही चाळिशीच्या माणसांच्या पाठी तिला ओळखीच्या वाटायच्या. पाण्याच्या नळाचा ठिबक, शेजारच्या जिन्यावरची काठी, कशातूनही दोन हलके आणि एक जोराचा टोला ऐकू यायचा. एकदा मालकानंच विचारलं, "बाई, बरं आहे ना? भूत बघितल्यासारखा चेहरा झालाय."

"बघितलं नाही अजून," ती म्हणाली. मालकाला वाटलं बाई थट्टा करताहेत, तो हसला.

रविवारी ती दफनभूमीत गेली. दगड स्वच्छ होता. आई दरवर्षी तो घासायला लावायची. बाबांचं नाव, दोन सालं. आयुष्यभर या दगडापुढे ती बाबांशी मनातल्या मनात बोलत आली होती, शाळेचे गुण सांगितले होते, मोडलेल्या लग्नांची रडगाणी गायली होती. खाली पडलेल्या माणसानं ते सगळं ऐकून घेतलं होतं. आता तिच्या तोंडून एकच शब्द निघाला. "कोण?"

परतताना बसमध्ये तिला एक गोष्ट आठवली. घरात आई बाबांबद्दल बोलताना नेहमी 'हे' म्हणायची. ह्यांना चहा कडक लागायचा, हे फार हसवायचे. आणि दफनभूमीत? दफनभूमीत आई म्हणायची, "त्याच्यावरची माती जरा सारखी कर. त्याला फुलं ठेव." हे आणि तो. तिला केसाएवढी खाच दिसायची, आणि आपल्याच आईच्या तोंडातला हा फरक त्रेचाळीस वर्षांत ऐकू आला नव्हता.

आई खिडकीशी बसून लोकर गुंडाळत होती. वय चौऱ्याहत्तर, नजर अधू झालेली, कान मात्र तिखट. लेकीनं पस्तीसचं नाणं तिच्या तळहातावर ठेवलं.

"काय गं हे?"

"नाणं. बाबांनी केलेलं."

आईनं अंगठा फिरवला. "मग? टाकसाळीत दुसरं काय करत होते?"

"आई, पस्तीस सालचं आहे."

लोकरीचा गुंडा आईच्या मांडीवरून घरंगळत पलंगाखाली गेला. कोणीच तो उचलला नाही. आई नाण्यावरून अंगठा फिरवत राहिली, जणू आंधळ्या बोटाला तो कल सापडेल.

"शर्ट कोणाचा होता आई?"

"मला काय माहीत," आई म्हणाली. आवाज शांत होता. इतका शांत की लेकीला तिचीच भीती वाटली. "निळ्या चौकटीचा होता. हे त्या दिवशी पांढरा घालून गेले होते. मीच धुतलेला."

"आणि तू हो म्हणालीस."

"म्हणाले."

"बाबा जिवंत आहेत हे तुला ठाऊक होतं?"

"कुठे आहेत ते ठाऊक नव्हतं. नदीत नाहीत एवढं ठाऊक होतं." आईनं नाणं मुठीत धरलं. "हे गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मुकादम आला. ठसे शोधायला. सगळं घर उचकटलं. पाकीट नव्हतं. तेव्हाच मला कळलं. ठसे घेऊन गेलेला माणूस जीव द्यायला जात नाही गं. तो काम करायला जातो."

"का गेले?"

"ते मला कळलं असतं तर मी एवढी वर्षं गप्प बसू शकले असते का? भांडण नाही, तंटा नाही. आदल्या दिवशी तुला सात ठोकायला शिकवला. सकाळी डबा मागितला. दारात म्हणाले, येतो. मग अकराव्या दिवशी पोलीस आले. बंधाऱ्यावर नेलं. तो तिथे फडक्याखाली पडलेला. साहेब म्हणाला, बाई, ओळखता का? माझ्या डोक्यात एकच होतं. हा नाही म्हटलं तर मी टाकलेली बाई. तू टाकलेल्या बाईची पोर. टाकसाळ काही देणार नाही, घरमालक ठेवणार नाही, आणि जो तो विचारणार, बाईनं असं काय केलं म्हणून नवरा पळाला? पळालेल्याची बायको होण्यापेक्षा मेलेल्याची होणं सोपं होतं. मी हो म्हटलं. आणि खरं सांगू? म्हटल्याबरोबर रडू आलं. ते खोटं नव्हतं."

लेक रागावली का? रागावली. चार दिवस ती आईशी कामापुरतं बोलली. पण नऊ वर्षांची पोर घेऊन त्या बंधाऱ्यावर आपण उभ्या असतो तर काय केलं असतं, याचं उत्तर तिला देता येईना. आणि उत्तर नसताना राग फार दिवस टिकत नाही.

तिनं दुसऱ्या टाकसाळीला पत्र लिहिलं. एका संशोधनासाठी माहिती हवी, असं कारण दिलं. दीड महिन्यानं उत्तर आलं, तिथल्या जुन्या दप्तराच्या रखवालदाराचं, सुवाच्य अक्षरात. तेहतीसच्या अखेरीस बाहेरगावचा एक कारागीर आला होता. नोंदवहीत जे नाव होतं ते बाबांचं नव्हतं. ओळखीची खूण : डावा अंगठा निकामी. स्वतःची हत्यारं. एकटाच राहत असे, घरचं कोणी नाही असं लिहून दिलेलं. कामाविषयी तक्रार नाही. अडतीसच्या नोव्हेंबरात एका सकाळी तो कामावर आला नाही, पुन्हा कधीच आला नाही. शोध घेतला, लागला नाही. त्याची हत्यारं विभागातच राहिली. पुढे दुसऱ्या कारागिरानं ती वापरली.

तिनं पत्र आईला वाचून दाखवलं. आई डोळे मिटून ऐकत होती. 'हत्यारं' या शब्दावर तिनं डोळे उघडले.

"ठसे ठेवून गेले?"

"हो."

"पाकीट तिथेच?"

"असं लिहिलंय."

आईनं पदर तोंडावर घेतला. आवाज होत नव्हता, पण खांदे हलत होते. त्रेचाळीस वर्षांपूर्वी तिनं जे रडणं आधीच उसनं घेतलं होतं, ते आता खरोखर करायची वेळ आली होती. लेक तिच्याजवळ जाऊन बसली. कुठली नदी, कुठला बंधारा, कोणी त्यांना ओळखलं की नाही, यातलं काहीच कधी कळणार नव्हतं. तरी त्यानंतरही त्रेचाळीस सालचं, म्हणजे तीन पुन्हा आला त्या सालचं, एखादं नाणं हातात आलं की ती आधी त्यातला तीन बघायची. ते नेहमीच ताठ निघे.

चार-पाच दिवसांनी सकाळी चहा घेताना आई म्हणाली, "आपल्याला आता कोणी सांगणार नाही. पण त्याच्या माणसांना आपण सांगू शकतो."

"कोणाच्या?"

"निळ्या शर्टवाल्याच्या. त्याचीही कोणी वाट बघत असेल ना गं."

शहराच्या दप्तरखान्यात भिंगबाईनं पाच दुपारी घालवल्या. कारकून आधी कुरकुरला. "बाई, तेव्हा माझा जन्मही नव्हता." पण वह्या मात्र काढून दिल्या. बंधाऱ्यावर सापडलेल्या प्रेताचं वर्णन पानभर होतं, अखेरीस आईची सही. वय पंचविशीच्या आसपास. निळ्या चौकटीचा शर्ट. वरून तिसरं बटण शिंपल्याचं, बाकीची हाडाची. बाबा तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. साहेबानं ते वाचलं असतं तरी कळलं असतं. पण बायको रडत होती, मग वाचतो कोण?

नदीच्या पलीकडच्या काठाची चौकी वेगळी, तिच्या वह्या वेगळ्या. त्यात त्याच महिन्यात एक नोंद होती. लाकडाच्या वखारीतला कामगार, वय सव्वीस, शर्ट निळ्या चौकटीचा. तक्रार नोंदवणारी : बहीण, धंदा शिवणकाम. खाली पत्ता.

त्या पत्त्यावर अजूनही शिवणकामच चालत होतं. पुढच्या खोलीत यंत्र, भिंतीला कपड्यांच्या घड्या, आणि यंत्रावर पासष्टीची एक सडसडीत बाई, तोंडात दोन टाचण्या धरून. भिंगबाईनं काय सांगायचं ते वाटेत दहा वेळा घोकलं होतं. आयत्या वेळी सगळं विसरली आणि भलताच प्रश्न विचारून बसली. "तुमच्या भावाच्या शर्टाचं तिसरं बटण वेगळं होतं का हो?"

शिवणबाईनं टाचण्या तोंडातून काढून एकेक करून उशीत टोचल्या.

"शिंपल्याचं," ती म्हणाली. "हाडाचं मिळालं नाही म्हणून मी माझ्या झंपरचं काढून लावलं होतं. तुम्हाला कोणी सांगितलं?"

मग भिंगबाईनं सांगितलं. बंधारा, आई, सही, दगड. काही वगळलं नाही. शिवणबाई ऐकत होती आणि यंत्राचं चाक हातानं उगाच मागेपुढे फिरवत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं पाणी विचारलं नाही, की बसाही म्हटलं नाही.

"पाच दिवसांवर त्याचं लग्न होतं," ती म्हणाली. "वखारीच्या घाटावर हातपाय धुवायला गेला होता. दुसऱ्या दिवशी गावभर झालं, नवरदेव पळाला. मुलीच्या घरच्यांनी आमच्या दारात येऊन थुंकलं. माझंही ठरलं होतं, ते मोडलं. पळपुट्याची बहीण कोण करणार? वडील मरेपर्यंत त्याचं नाव काढू देत नव्हते. मीसुद्धा." तिनं यंत्राचं चाक थांबवलं. "मीसुद्धा त्याला शिव्या दिल्या हो, एवढी वर्षं. आणि तो त्याच महिन्यात सापडला होता."

"आईच्या वतीनं मी..."

"तुमच्या आईनं आपली लाज उचलून आमच्या घरात आणून टाकली. दुसरं काय केलं?"

भिंगबाईनं दफनभूमीचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून यंत्रावर ठेवला आणि ती निघाली. गल्लीच्या टोकापर्यंत तिला आपल्या पाठीवर ती नजर जाणवत होती.

आईला तिनं जसंच्या तसं सांगितलं. आई म्हणाली, "बरोबर बोलली ती." त्या दिवसापासून तिनं एकच धोशा लावला, दगड बदला. अर्ज झाला, जबाब झाला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या म्हातारीनं टेबलापलीकडच्या तरुण अधिकाऱ्याला सांगितलं, "मी खोटं बोलले होते. काय शिक्षा असेल ती द्या." अधिकारी गडबडला. त्यानं शिपायाकडून पाणी मागवलं आणि कागदावर शिक्का मारून दिला. बाबांच्या नावापुढे सरकारी वहीत आता 'बेपत्ता' असं लिहिलं गेलं. निवृत्तिवेतनाचं काय, हे विचारायला त्या अधिकाऱ्याला सुचलं नाही, की त्यानं मुद्दामच विचारलं नाही, ते कळलं नाही.

नवा दगड बसवायच्या दिवशी शिवणबाई येईल असं दोघींनाही वाटलं नव्हतं. ती आली. एकटीच, हातात छत्री, इस्त्रीची साडी. गवंडी काम उरकून गेला तशी ती दगडापुढे खाली बसली आणि भावाच्या नावाच्या एकेका अक्षरावरून तिनं बोट फिरवलं. मायलेकी चार पावलं मागे उभ्या होत्या. जुना दगड कडेला पालथा पडला होता.

मग शिवणबाईनं मागे न बघता विचारलं, "त्या दिवशी इथे कोण कोण होतं?"

"मी," आई म्हणाली. "मी, ही, टाकसाळीतले सात-आठ लोक, शेजारी."

"रडलं कोणी?"

"मी रडले."

"नवऱ्यासाठी?"

आई काठीवर भार देऊन उभी होती. "नवरा त्यात नाही हे मला माहीत होतं. तरी रडले. कोणासाठी, ते मला अजून सांगता येत नाही. एवढं आठवतं की त्याच्या पायांत काही नव्हतं, आणि मला वाटत होतं, याला गार लागत असेल."

शिवणबाईनं छत्रीच्या टोकानं मातीत एक रेघ ओढली, ती पुसली.

"दहा-बारा माणसं होती म्हणजे," ती म्हणाली. "लग्नाला याहून फार जमणार नव्हती."

तिनं माफ केलं असं काही म्हटलं नाही, आणि पुढेही कधी म्हटलं नाही. पण आईला उतरणीवरून चालताना त्रास होतोय हे पाहून तिनं तिचा दुसरा दंड धरला, आणि तिघी फाटकापर्यंत गेल्या. तिथे शिवणबाईची बस आधी आली.